शिलकीचें सोंग

घरांतील किराण्याचा हिशेब पैशापर्यंत जुळल्याशिवाय ज्यांस रात्रीं झोंप येत नाहीं, असे गृहस्थ आमच्या मध्यम वर्गांत आजहि पुष्कळ आहेत. सोसायटीच्या वार्षिक सभेंत रंगकामाच्या चार हजारांवरून दोन तास वाद घालणारे तर त्याहूनहि अधिक आहेत. परंतु आपण ज्या नगरांत राहतों, त्याची तिजोरी कोण भरतो, कोण उपसतो आणि वर्षअखेर तींत काय उरतें, हें विचारण्याची वेळ आली कीं हेच गृहस्थ वर्तमानपत्राचें पान उलटतात. ही उदासीनता एक वेळ क्षम्य म्हणतां येईल. पण अलीकडे तिला तत्त्वज्ञानाचा वेष चढविण्यांत येत आहे, आणि त्या वेषाचाच समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तें तत्त्वज्ञान असें : नगरसेवक नव्हते तेव्हांच कारभार बरा होता, भांडणें नाहींत, टक्केवारी नाहीं, एक शिकलेला अधिकारी बसतो, सही करतो आणि काम होतें. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथें हें मत सुशिक्षितांच्या तोंडून ऐकूं येतें, आणि तें ज्या ठामपणानें सांगितलें जातें त्यावरून ऐकणारास वाटावें कीं बोलणारानें त्या वर्षांचे जमाखर्च नजरेखालून घातले असतील. तसें कांहींएक घडलेलें नसतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें, जी १ जून १९९३ पासून अमलांत आली, नगरसंस्थांची मुदत पांच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वींच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे असें बजाविलें. अंबरनाथ व कुळगांव-बदलापूर ह्या नगरपरिषदांची मुदत २०२० सालीं संपली. आधीं सांथीचें कारण झालें, मागून आरक्षणाचे खटले झाले. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कान पिळल्यावर डिसेंबर २०२५ मध्यें निवडणूक झाली. उल्हासनगर महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२२ मध्यें सरली आणि तेथील मतदान १५ जानेवारी २०२६ रोजीं झालें. म्हणजे पहिल्या दोन नगरांत लागोपाठ पांच अंदाजपत्रकें आणि उल्हासनगरांत निदान तीन, हीं लोकनियुक्त सभागृहावांचून मंजूर झालीं. उल्हासनगरांत तर आयुक्त हाच प्रशासक होता. आपलाच अर्ज, आपलाच शेरा आणि आपलीच मंजुरी ! कोणत्याहि पतपेढीच्या सभासदांनीं असा व्यवहार एक दिवस चालूं दिला नसता.

आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, अधिकारी प्रामाणिक असेल तर बिघडलें काय ? आम्ही त्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर शिंतोडा उडवीत नाहीं. प्रश्न प्रामाणिकपणाचा नाहीं. प्रश्न हा आहे कीं, पैसा मागणारा आणि पैसा देणारा हे दोन निराळे असले पाहिजेत कीं नाहींत. प्रशासक वरच्या सरकारास जबाबदार असतो, खालच्या करदात्यास नसतो. त्याची बदली झाली कीं त्याचे अंदाज त्याच्या मागें राहतात आणि उत्तर देणारा कोणी राहत नाहीं.

सभागृहाची किंमत त्यांतील बहुसंख्यांच्या सद्‌गुणांवर अवलंबून नसते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या पुणें-भेटीनिमित्त नगरपालिकेच्या तिजोरींतून एक हजार रुपये सजावटीवर उधळण्याची सूचना आली, तेव्हां एकट्या जोतीराव फुल्यांनीं तिला विरोध केला. जोतीराव तेव्हां निवडून आलेलेहि नव्हते, सरकारनेंच नेमलेले सभासद होते. खर्च व्हावयाचा तो झाला. परंतु तो विरोध आज शतक-दीड शतकानंतरहि आम्हांस ठाऊक आहे, ह्याचें कारण तो करावयास एक जागा होती. "आजच्या सभागृहांत जोतीराव कोठें आहेत ?" असें कोणी विचारील. नसतील, पण ज्या खोलींत खुर्चीच मांडलेली नाहीं, तेथें ते यावयाचे तरी कसे?

इतकें म्हणून आम्ही नगरसेवकांची वकिली संपवितों. कारण ह्यापुढील दोष त्यांच्याहि माथीं आहे. दर वर्षीं फेब्रुवारी-मार्चांत बातमी येते कीं, अमुक नगराचें अमुक कोटींचें शिलकी अंदाजपत्रक मंजूर झालें. शेंकडों कोटींच्या उलाढालींत शिल्लक मात्र बहुधा कांहीं लाखांची असते. हें सोंग उभें कसें राहतें ? पुष्कळ नगरसंस्थांत रीत अशी कीं, जमेच्या बाजूस मालमत्ताकराची चालू मागणी तर धरावयाचीच, पण वर्षानुवर्षें न आलेली थकबाकीहि धरावयाची. सरकारकडून मिळावयाचीं अनुदानें आलींच असें समजावयाचें. जमा अशी फुगली म्हणजे खर्चाच्या बाजूस गटारें, रस्ते, उद्यानें आणि कमानी ह्यांस हवी तेवढी जागा होते. कामें निघतात, ठेके दिले जातात. मार्चअखेर काम झालेलें असतें, पण जमा आलेली नसते. मग देयकें थकतात, ठेकेदार पुढच्या निविदेंत त्या विलंबाची किंमत वसूल करतो, आणि कागदावरची शिल्लक देणें होऊन पुढील वर्षाच्या डोक्यावर बसते. रोख आली आणि रोख गेली एवढेंच लिहिणाऱ्या जुन्या जमाखर्चांत हें देणें दिसतच नसे. म्हणून नगरपरिषदांसाठीं २०१३ सालीं नवी लेखासंहिता होऊन दुनोंदी पद्धति आली. पद्धति सुधारली खरी. पण वाचणारा नसेल तर दुनोंदी काय आणि एकनोंदी काय!

गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें, तेंहि शिलकीवरच होतें. सरकार आपल्या शिलकीची फुशारकी मारीत असतां, ती देशाच्या सुबत्तेची खूण नसून गरजेहून जास्त लादलेल्या कराची खूण आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखवून दिलें. तेव्हांची शिल्लक निदान तिजोरींत होती. आमच्या नगरांची कित्येकदां तेथेंहि नसते. ज्या पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपद पुढें गोखल्यांनीं भूषविलें, तेथें २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकांत घेण्याची प्रथा पडली. ती प्रथा पूर्णत्वास गेली असें आम्ही म्हणत नाहीं. पण कल्याणच्या पुढें ती आणण्याचें कोणास सुचलेलें दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, लेखापरीक्षा आहे ना ! आहे, तिचा मूळ कायदा १९३० सालचा आहे, आणि नुकसानीस जबाबदार असणारावर अधिभार बसविण्याची तरतूदहि त्यांत आहे. परंतु लेखापरीक्षा हें वरातीमागून येणारें घोडें आहे. पैसा गेल्यावर, अधिकारी बदलल्यावर आणि ठेकेदाराची अनामतहि परत गेल्यावर आक्षेप निघतो. त्याच्या अनुपालनाची फाईल वर्षानुवर्षें ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. ज्या सभेनें तो अहवाल हातीं घेऊन जाब विचारावयाचा, ती सभाच त्या वर्षांत नव्हती.

ह्या ढिलाईची झळ कोणास लागते ? जो वेळेवर कर भरतो त्यास. उल्हासनगरांत थकबाकीदारांस व्याज माफ करणाऱ्या 'अभय योजना' पुन्हां पुन्हां निघाल्या. एकदां अभय दिलें तर ती सवलत म्हणतां येते; वारंवार दिलें म्हणजे न भरणारा शहाणा आणि भरणारा मूर्ख ठरतो. अशा योजनेनें वसूल किती झालें आणि सोडलें किती, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडण्याची मागणी करदात्यांनीं कधीं केली आहे काय ?

ह्यांत विषाद वाटण्याजोगी गोष्ट अशी कीं, ह्या नगरांना हिशेब शिकवावयास नको. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावण्यांत, फाळणीनें सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनीं उल्हासनगर उभें केलें. रोजकीर्द जुळल्याशिवाय दुकानाची फळी न लावणारे ते लोक. त्यांच्या बळावर सुमारें तेरा चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेपर्यंत पांच लाखांहून अधिक माणसें नांदूं लागलीं. अंबरनाथ व बदलापूर हीं १९८३ सालीं कल्याण महानगरपालिकेंत घातलीं गेलीं आणि १९९२ सालीं बाहेर आलीं. आपलें घर निराळें मांडण्याचा हक्क ज्यांस मिळाला, त्यांनीं घरचा हिशेब पाहण्याचा कंटाळा करावा काय ?

हें काम सोपें नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. अंबरनाथ-बदलापुरांत पाण्याचें देयक जीवन प्राधिकरणाचें. उल्हासनगरास पाणी देतें तें मुख्यत्वें औद्योगिक विकास महामंडळ. मोठे रस्ते महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. एकाच गल्लींतील नळ, रस्ता आणि गटार ह्यांचे तीन धनी. अशा स्थितींत नगराचें अंदाजपत्रक हें सगळें चित्र दाखवीत नाहीं, हें खरें. पण म्हणूनच जेवढें दाखवितें तेवढें तरी खरें असलें पाहिजे.

आमची मागणी लहान आहे. दर तीन महिन्यांनीं प्रत्येक प्रभागांत एक कागद लागावा. त्यांत प्रत्येक बाबीपुढें तीन रकाने असावेत : मंजूर अंदाज किती, प्रत्यक्ष जमा वा खर्च किती, आणि देणें थकलें किती. तो मराठींत असावा, आणि उल्हासनगरांत सिंधींतहि असावा. ही मेहेरबानी नव्हे : २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें अंदाजपत्रक व झालेल्या खर्चाचा अहवाल कोणी न मागतां प्रसिद्ध करण्याचें बंधन सार्वजनिक संस्थांवर घातलेलेंच आहे. तीन वा पांच वर्षें सभागृहावांचून झालेल्या खर्चाचा असाच कागद नव्या सभासदांनीं सर्वांआधीं मागावा. तो न मागतां जे नव्या कामांच्या याद्या देतील, त्यांस प्रशासकांच्या काळाविरुद्ध बोलण्याचा अधिकार उरणार नाहीं.

आणि वाचकहो, तुम्हीं-आम्हीं काय करावयाचें ? येत्या मार्चांत शिलकीची बातमी पुन्हां छापून येईल. त्या दिवशीं पान न उलटतां, आपल्या प्रभागाच्या सभासदास गांठून "गेल्या वर्षींची शिल्लक कोठें आहे ?" एवढेंच विचारावें, आणि त्यास सांगतां आलें नाहीं तर पुढच्या महिन्यांत तोच प्रश्न लेखी विचारावा.