सहल कोठें न्यावी?

दिवाळीची सुटी जवळ आली, कीं आमच्या वर्गांतून राजस्थानच्या सहलीचा विषय निघतो. जैसलमेरचा किल्ला, वाळूच्या टेकड्या, उंटावरील रपेट, हें सर्व मुलांनीं चित्रांत पाहिलेलें असतें. तें प्रत्यक्ष पाहावें ही इच्छा स्वाभाविकच आहे. गेल्या वर्षीं आम्हीं त्याऐवजीं मुरबाड तालुक्यांतील नाणेघाट सुचविला, तेव्हां एका पालकांनीं विचारिलें, "गुरुजी, डोंगरच पाहावयाचा, तर माहुली आमच्या अंगणांतून दिसते. त्यासाठीं पैसे कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर तेव्हां नीट देतां आलें नाहीं, तें आतां देतों.

जैसलमेर ११५६ सालीं वसलें आणि वाळवंटांतून जाणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या जोरावर वाढलें. नाणेघाटही तांड्यांचाच. कल्याण व सोपारा या बंदरांचा माल याच खिंडीनें जुन्नरकडे चढे, आणि ही वाट जैसलमेरहून हजारांवर वर्षांनीं जुनी आहे. तेथें उंट, येथें बैल.

घाटमाथ्याजवळील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणीं त्यांत मोजून सांगितलीं आहेत. ते आकडे भारतांतील अत्यंत जुन्या आकड्यांपैकीं होत. गणिताच्या तासाला डुलक्या घेणारा आमचा एक विद्यार्थी तेथें बोटानें हवेंत आकडे गिरवीत उभा राहिला! मागील भिंतीशीं राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आतां पावलांच्या खुणा आणि वरचीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. १८२८ सालीं विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हें लेणें पडलें. बाहेर एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात.

परंतु आमचा खरा आग्रह चालत जाण्याविषयीं आहे. हल्लीं जुन्नरच्या बाजूनें मोटार माथ्यापर्यंत जाते. मंडळी उतरतात, छायाचित्रें काढतात, वडे खाऊन परततात. (वड्यांशीं आमचें वैर नाहीं.) घाट मात्र त्यांना दिसतच नाहीं. वैशाखऱ्याच्या बाजूनें पायथ्यापासून निघावें, झाडींतून दोन-अडीच तास चढावें, काळ्या कातळांतील झिजलेल्या पायऱ्यांवर पाऊल ठेवावें, आणि दम लागला म्हणजे पाठीवर गोणी वाहणारा बैल आठवावा. माल इतका महाग कां पडे, हें तेथें पुस्तकावांचून कळतें.

आणखी एक गोष्ट बोलण्यास संकोच वाटतो, तरी बोलतों. दूरची सहल ठरली, कीं कांहीं मुलें "घरीं काम आहे" असें सांगून नांव देत नाहींत. काम कोणतें, हें आम्हांस ठाऊक असतें. नाणेघाटाच्या सहलीस त्या मुलांपैकीं एकही मागें राहिलें नाहीं. उलट चढावर तींच सर्वांच्या पुढें होतीं, आणि कोणत्या झाडाचा चीक अंगाला लागूं द्यावयाचा नाहीं, हें शहरांतून आलेल्या सोबत्यांना तींच सांगत होतीं.

यंदा पाऊस सरल्यावर पुन्हां तोच बेत आहे. पालकांनीं भाकरी घरचीच बांधून द्यावी, पाणी भरपूर द्यावें; आणि माथ्यावर वारा फार असतो, म्हणून टोपीला नाडी लावावी. गेल्या खेपेस आमच्या चार टोप्या कोंकणांत उडाल्या.