‘बी-थ्री’ नावाचे विशेषण

जॅझ वा रॉकच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवरील लेखात ऑर्गनचा उल्लेख आला की पाठोपाठ ‘बी-थ्रीचा अस्सल स्वर’ हे शब्द येतातच. (आपल्या संगीत नाटकांतला भात्याचा ऑर्गन तो निराळा, हा हॅमंड कंपनीचा विजेवरचा.) आमचा आक्षेप असा की, लिहिणाऱ्याने बहुधा स्वर ऐकलेला नसतो, नाव वाचलेले असते.

बी-थ्री आणि सी-थ्री ही दोन्ही मॉडेल्स १९५० च्या दशकाच्या मध्यास आली. दोहोंच्या पोटात यंत्र एकच: चुंबकांसमोर फिरून स्वर देणारी ९१ चाके, ६१ पट्ट्यांचे दोन पट, पायांसाठी २५ पट्ट्या. फरक आहे तो लाकडाचा. बी-थ्री चार पायांवर उघडा उभा. सी-थ्री फळ्यांनी झाकलेला, कारण तो चर्चसाठी होता आणि वादकाचे पाय भाविकांना दिसणे प्रशस्त नव्हते. प्रश्न श्रवणाचा नव्हता, मर्यादेचा होता! १९५९ च्या ए-१०० मध्येही तीच चाके आहेत, फक्त ध्वनिवर्धक आतच बसवलेला. तरीही मान आणि दाम बी-थ्रीलाच अधिक. एकाच कादंबरीच्या पुठ्ठाबांधणीला अभिजात आणि कागदी बांधणीला दुय्यम म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देऊ?

सर्व मॉडेल्स सारखीच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दिवाणखान्यासाठी केलेल्या एम मालिकेतील छोट्या ऑर्गनला पट्ट्या ४४ च. तेथे भेद खरा आहे. पण गंमत अशी की, प्रोकोल हॅरमच्या १९६७ च्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मधला विख्यात ऑर्गन याच मालिकेतील एम-१०२ आहे. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचे वाद्यही बी-थ्री नव्हे, सी-थ्री होते. नावावरून प्रत ठरवणाऱ्यांनी या दोहोंचे काय करायचे?

आणि ‘अस्सल’ म्हणजे तरी काय? पट्टी दाबताच येणारी ती ‘टिक्’ कंपनीच्या लेखी दोष होती. वादकांनी तिची शैली केली. फिरत्या ध्वनिवर्धकाची लाट डॉन लेस्लीची, आणि त्याच्याशी हॅमंडने वर्षानुवर्षे फटकून वागणेच पसंत केले. मुळात हे वाद्य जन्मले तेच चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनची स्वस्त प्रतिकृती म्हणून. त्या बरोबरीच्या जाहिराती आवरा, असा आदेश अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला १९३८ मध्येच दिला होता.