पाहुणीला मुभा, लेकीला मनाई?

गेल्या महिन्यात आमच्या घरी चांगलाच वाद झाला. लेक सुट्टीला आली होती. एम.ए. करते, समाजशास्त्रात. रात्रीची जेवणं झाली आणि तिनं हळूच विषय काढला. प्रकल्पासाठी तिला दोन महिने मेळघाटात, धारणीकडे जाऊन राहायचंय. कोरकू बायकांचा दिवस कसा जातो, त्यांची किती कामं कुणाच्या हिशेबातच येत नाहीत, हे तिला बघायचंय.

तिचे बाबा एकदम म्हणाले, "एकटी? तिथं आपलं आहे कोण? ओळख ना पाळख." आणि मीसुद्धा, पंधरा वर्षं बचत गटाचं काम करणारी, बायकांच्या मेळाव्यात "मुलींना शिकवा, पुढे जाऊ द्या" म्हणून भाषण ठोकणारी मी म्हणाले, "अगं, जवळपासचं एखादं गाव बघ ना. बायका काय इथं नाहीत?"

लेक वाद घालत बसली नाही. जिन्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "आई, वरच्या खोलीत नऊ महिने कोण राहिलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरच्या खोलीत एक परदेशी मुलगी राहिली होती. अमेरिकेतली, पीएच.डी.ची विद्यार्थिनी. ऑगस्ट २०१८ ते एप्रिल २०१९. लेक तेव्हा आठवीत होती. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. पाणी आणि बायकांचा वेळ या विषयावर अभ्यास करायला ती इथं आली होती. पुण्यात मराठी शिकून आलेली. व्याकरण आमच्यापेक्षा शुद्ध, फक्त 'ळ' म्हणताना अडखळायची. सासूबाईंना तिचं नाव काही म्हणता येईना, मग त्या तिला नुसतं 'पोरी' म्हणायच्या.

ती माझ्याकडे आली, कारण त्याआधी चार घरांनी तिला खोली नाकारली होती. एकटी मुलगी, त्यात परदेशी, उद्या काही झालं तर? कागदपत्रंही कमी नव्हती. संशोधनाचा व्हिसा, इथल्या संस्थेचं पत्र, आणि व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा म्हणून आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकानंही पोलिसांना कळवावं लागतं, हे मला तेव्हाच समजलं. आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढले ती त्या पोरीसाठी!

परदेशातून येऊन संशोधन करणारी म्हणजे मजेत फिरणारी, फोटो काढणारी, असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात तिचा दिवस माझ्यापेक्षा लवकर उजाडायचा. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे साडेपाचला. "मी भरते तुझ्या बादल्या" म्हटलं तर ऐकायची नाही. बायकांचा पाण्यात किती वेळ जातो ते बघायला आलेय, मग माझं पाणी तुम्ही कसं भरणार, म्हणायची. एका बादलीत अंघोळ आणि कपडे उरकायला तिला महिना लागला. आतले कपडे कुठं वाळत घालायचे, हे तिनं मला चार दिवस संकोचून मग विचारलं. आपण वर ओढणी टाकतो तशी तीही टाकायला लागली.

नऊ वाजता वही घेऊन बाहेर. वस्त्यांवर, वाड्यांवर. प्रत्येक घरात चहा. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, हो म्हटलं तर दिवसाला आठ-दहा कप! पित्तानं हैराण झाली. मग सासूबाईंनी तिला एक शब्द शिकवला, "घोटभरच." तो तिला शेवटपर्यंत पुरला. दुसरी अडचण ती कुणाला सांगायची नाही. दिवसभर वस्तीवर फिरताना बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून दुपारपर्यंत ती पाणीच प्यायची नाही. शेतावर जाणाऱ्या आपल्या बायका हेच तर करतात. दिवाळीनंतर तिला लघवीच्या जळजळीनं ताप आला, तेव्हा हे सगळं बाहेर आलं. आठ दिवस पडून होती. सासूबाई पेज करून देत होत्या आणि दटावत होत्या, "पाणी पी आधी, मग अभ्यास कर."

आणि प्रश्न! ती बायकांना दहा प्रश्न विचारायची, बायका तिला वीस. लग्न झालं का? का नाही? पगार मिळतो का? आई-बापानं सोडलं कसं? केस धुतेस कशानं? ती सगळ्यांना नीट उत्तरं द्यायची. म्हणायची, मी त्यांचा वेळ घेते, मग त्यांनीही माझा घ्यायला हवा.

तिच्याकडे एक कागद असायचा. बोलायला सुरुवात करण्याआधी तो वाचून दाखवायची. तुमचं नाव कुठंही छापणार नाही, नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा, चालेल का? तिच्या विद्यापीठाचा तसा नियमच होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या गटातल्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "आमची परवानगी? लग्न ठरवताना नाही कुणी विचारली, ही विचारतीय!" हसण्यावारी गेलं तेव्हा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझीही मुलाखत झाली. "काल दिवसभरात काय काय केलं?" मी सहज म्हणाले, "काही नाही, घरीच होते." तिनं पेन खाली ठेवलं नाही. साडेपाचला काय? सहाला काय? मग काय? एकेक करत रात्री अकरापर्यंत आलो, तर तिच्या वहीची दोन पानं भरली. दोन पानं 'काही नाही'ची! योगायोग असा, की त्याच २०१९ सालात सरकारनंही देशभर असं वेळेचं सर्वेक्षण केलं. घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. पेपरात हे आकडे वाचले तेव्हा मला माझी ती दोन पानं आठवली.

आता खरं सांगते. सगळं गोडगोड नव्हतं. बाजारात पोरं मोबाइल काढून तिच्या मागं लागायची. एसटीत लोक टक लावून बघायचे. म्हणून मी नियम केला, संध्याकाळी सातच्या आत घरी. तिनं तो पाळला. फक्त एकदा विचारलं, "काकू, हा नियम मी पाहुणी आहे म्हणून, की मुलगी आहे म्हणून?" मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "पण मागं लागतात ती मुलं. त्यांना सातच्या आत घरी बोलवायचं नाही का?" तिला हसून उत्तर टाळलं. अजूनही ते सापडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट टोचते. त्याच वर्षी मराठवाड्यातली एक मुलगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्या गावात खोली शोधत होती. तिला आमच्या गल्लीत दोन घरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली रिकामी नाही म्हणून सांगितलं. एकीकडे रिकामी खोली होती, मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. ती दुसऱ्या दिवशी निघून गेली. अमेरिकेच्या मुलीला पहिल्या चार घरांनंतर का होईना, माझं घर मिळालं. पुढं तर अख्खं गाव तिचं कौतुक करत होतं. हळदीकुंकवाला बोलावणी, साडी नेसवणं, ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी टाळ्या! आपल्याच राज्यातली, आपलीच भाषा बोलणारी पोर मात्र आम्हाला परकी वाटली. संशोधन ती दोघीही करत होत्या.

शिकायला परक्या मुलखात आलेल्या बाईला गावानं आपलं म्हटलं, की काय होतं ते आपल्याच भागानं पाहिलंय. मॅक्सीन बर्नसन १९६० च्या दशकात अमेरिकेतून फलटणला आल्या त्या तिथल्या मराठीचा अभ्यास करायला. पुढं फलटणच्याच झाल्या, मुलांसाठी शाळा उभी केली. गेल ऑम्वेट जोतिरावांच्या चळवळीवर पीएच.डी. करायला आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सून झाल्या. २०२१ मध्ये त्या गेल्या, त्याही कासेगावातच. आणि उलट दिशेनं बघा. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकात बर्लिनला जाऊन पीएच.डी. करून आल्या. नंतर आयुष्यभर संशोधनासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत हिंडल्या. त्यांना नवऱ्याची साथ होती. म्हणजे कुणीतरी दार उघडलं, तेव्हाच हे झालं. येणाऱ्या बाईसाठीही आणि जाणाऱ्या बाईसाठीही.

आपण येणारीसाठी उघडतो, कौतुकानं उघडतो. जाणारीसाठी मात्र कडी लावून घेतो. का? तर काळजी वाटते. काळजी खोटी नाही. मी आई आहे, मला कळतं. पण काळजी काय फक्त आपल्यालाच असते? दर रविवारी रात्री ती तिच्या आईशी मोबाइलवर बोलायची. तिकडे सकाळ असायची. एकदा तिनं फोन सासूबाईंपुढे धरला. तिकडून आईनं काहीतरी विचारलं. पोरीनं हसत भाषांतर केलं, "विचारतेय, मी नीट जेवते ना?" सासूबाई म्हणाल्या, "बघा, आई सगळीकडची सारखीच!" मग मी तिला विचारलं, "तुझ्या आईनं तुला इतक्या लांब पाठवलं तरी कसं गं?" ती म्हणाली, "विमानतळावर खूप रडली. पण जाऊ नकोस, असं नाही म्हणाली."

लेकीनं जिन्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मला हे वाक्य आठवलं.

मी काही लगेच हो म्हटलं नाही. पण 'जायचं की नाही' हा वाद थांबवून 'कसं जायचं' यावर आम्ही बोलायला बसलो. तिच्या सरांशी बोललो. धारणीत एका शिक्षिकेच्या घरी खोली मिळतेय. त्या बाईंशी मी स्वतः फोनवर अर्धा तास बोलले. दवाखाना कुठं, एसटी किती वाजता, बाहेर पडल्यावर मुलींच्या जाण्याची सोय काय, सगळं विचारलं. दिवसभर तहानलेलं राहायचं नाही, एवढी एकच अट मी घातली. रोज रात्री एक फोन, हे तिनंच कबूल केलं. तिला तिथं गोऱ्या पाहुणीचं कौतुक मिळणार नाही, हे मी जाणते. कोरकू भाषा येत नाही, ती शिकावी लागेल. आजारी पडेल, रडेलही एखाद्या रात्री. आमची पोरही वरच्या खोलीत रडली होती, नाताळच्या आदल्या दिवशी. सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या.

धारणीतही अशी एखादी आजी निघेलच की! आणि निघावी असं वाटत असेल, तर आधी आपल्या गल्लीत निघायला हवी. मैत्रिणींनो, म्हणूनच हा प्रपंच. आपल्या गावात अभ्यासासाठी आलेली मुलगी दिसली, मग ती परदेशातली असो की शेजारच्या जिल्ह्यातली, तिला आडनाव विचारू नका. जेवलीस का, विचारा. आमच्या बचत गटात आम्ही ठरवलंय. ज्यांच्याकडे जास्तीची खोली आहे त्यांची यादी करायची आणि जवळच्या कॉलेजात देऊन ठेवायची. भाडं रास्त, कागदपत्रं चोख. चार पैसे घरात येतील आणि एखाद्या आईला रात्री झोप लागेल. तुमच्या गटातही हे जमेल.

येत्या आठवड्यात लेक निघतेय. अमरावतीपर्यंत रात्रभराचा प्रवास, पुढं घाटानं धारणी. तिचे बाबा सोडायला जाणार आहेत. पण दुसऱ्या दिवशी परत येणार, हे लेकीनं त्यांच्याकडून वदवून घेतलंय. मी स्टँडवर जाईन. रडेन, हे नक्की. फक्त 'जाऊ नकोस' म्हणणार नाही.