कावळा, फांदी आणि मेंढरं



कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. फांदी आतून वाळलेली असते, ती मोडणारच असते. कावळा फक्त त्या वेळेला तिथे असतो. यालाच योगायोग म्हणतात. पण माणसाला गोष्टी जोडायची भारी हौस! मांजर आडवे गेले अन् सायकल पंक्चर झाली, की पोरं मला सांगतात, "गुरुजी, मांजरानंच झालं ना जी!" अरे, चाकातून निघाला तो बाभळीचा काटा! अन् मांजर आडवे जाऊनही काहीच झाले नाही, ते दिवस कोण मोजतो? महिनाभर वहीत दोन्ही प्रकारचे दिवस लिहा. खरे-खोटे आपोआप कळेल.

एकट्याचा गैरसमज लहान असतो. पण पुढचं मेंढरू नाल्यात उतरलं की मागची सारी उतरतात, तशी माणसेही करतात. २१ सप्टेंबर १९९५ रोजी पहाटे दिल्लीत 'गणपती दूध पितो' अशी बातमी उठली. त्याच दिवशी ती देशभर अन् परदेशातही पोचली. देवळांपुढे रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले, की दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थर होऊन खाली उतरते. घरी वरवंटा ओला करून उभा धरा, हळदीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवा अन् पाहा! यात देवाची निंदा नाही. डोळे उघडे ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

त्या दिवशी दूध वाया गेले. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच माणसांचे जीव गेले. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी नेमके तेव्हाच तिथे आले. असे भिक्षेकरी तर वर्षानुवर्षे गावोगाव फिरतात. अफवा अन् त्यांचे येणे, यांची फक्त गाठ पडली. एकाने संशय घेतला, बाकीचे धावले. जमावाने त्यांना मारून टाकले. 

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की योगायोग ओळखणे हे पाढ्यांइतकेच शाळेत शिकले पाहिजे. राळेगावच्या बाजारातही अनोळखी माणसे येतातच. काही ऐकले तर विचारा : हे कोणी पाहिले? तू स्वतः पाहिले काय? शंका आलीच तर घरी, गुरुजींना किंवा पोलीस पाटलांना सांगा. हात कोणी उगारू नये अन् खात्री नसलेली गोष्ट मोबाइलवर पुढे पाठवू नये. सारे धावत असताना "थांबा, आधी विचारू," असे म्हणणारा एक जरी पोरगा किंवा पोरगी या शाळेतून निघाली, तरी आमच्या शिकवण्याचे सार्थक झाले.