मंगळावरचे इंधन आणि मुरबाडचा गोठा

मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ या अमेरिकी गाडीत ‘मॉक्सी’ नावाचे एक छोटे यंत्र बसविलेले होते. मंगळाच्या विरळ वातावरणात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तो आत ओढायचा, ८०० अंशांच्या उष्णतेत विजेच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू विलग करायचा, एवढेच या यंत्राचे काम. एप्रिल २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळात सोळा खेपांत त्याने १२२ ग्रॅम प्राणवायू निर्माण केला. आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु चार अंतराळवीरांना तेथून उड्डाण करण्यासाठी सुमारे ७ टन इंधन आणि २५ टन प्राणवायू लागेल, असे नासाचे गणित आहे. एवढा भार पृथ्वीवरून कोण वाहून नेणार? जेथे जायचे तेथलेच द्रव्य वापरावयाचे, हाच व्यवहार्य मार्ग.

इंधनाची किल्ली त्याहून जुनी आहे. १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या प्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांचा तप्त निकेलच्या सान्निध्यात संयोग होऊन मिथेन व पाणी तयार होते. मात्र हायड्रोजन मिळवायचा तर पाणी हवे. म्हणूनच मंगळावरील बर्फाचे एवढे महत्त्व!

हाच मिथेन मुरबाड-शहापूरच्या गोठ्यात शेणाच्या रूपाने पडून आहे. गोबर गॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, आणि साबातिए यांच्या प्रक्रियेने त्याचेही इंधन करता येते. ‘आमच्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते’ असे म्हणून टाळ्या मिळविण्याचा मोह येथे आवरलेला बरा. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून वायू काढून दिवे लावले गेले, ही नोंद अभिमानास पुरेशी आहे.

मग आपल्या माताभगिनींच्या डोक्यावरची मोळी उतरत का नाही? अनुदानातून उभी राहिलेली कितीतरी संयंत्रे देखभालीअभावी बंद पडली, हे खरेच. पण या तालुक्यांत आणखी एक कारण आहे. टाकीत शेणाइतकेच पाणी कालवावे लागते. १८९२ पासून तानसाचे आणि पुढे भातसाचे पाणी मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जेथे पिण्याचा हंडा भरत नाही, तेथे शेणात पाणी कोण ओतील? ‘तेथलेच द्रव्य तेथे प्रथम’ हा नियम मंगळासाठी सर्वांना पटतो. भातसाच्या काठावर तो लागू करताना मात्र शासनाला नियोजनाच्या अडचणी आठवतात.

आपल्या कार्यकर्त्यांनी पुढील उन्हाळ्यापूर्वी गावोगावच्या बंद टाक्यांची यादी करावी. किती टाक्या दुरुस्तीअभावी बंद आहेत, किती पाण्याअभावी, हे वेगळे लिहावे. पहिल्या यादीसाठी गवंडी लागेल. दुसरी घेऊन पाटबंधारे खात्याच्या दारात जावे लागेल.