नामांकनांचा वाद

चित्रपट-पुरस्कारांची नामांकने जाहीर होताच वगळलेल्यांची यादी नगरचे रसिकही तयार करतात. हा वाद पोरकट आहे, असे आम्ही मानीत नाही. रसिकांस नावे कळतात, निवडीमागील कारणे कळत नाहीत. वादाचे मूळ तेथे आहे.

१९८३ च्या 'अर्धसत्य'चेच उदाहरण घ्या. १९८४ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच ठरला. त्यातील रामा शेट्टी रंगविणारे आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर सहायक अभिनेते म्हणून गौरविले गेले. नायक ओम पुरी यांना मात्र नामांकनावरच समाधान मानावे लागले; तो मान 'मासूम'साठी नसीरुद्दीन शाह यांना मिळाला. पुढे त्याच भूमिकेने ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. एका मंडळाचा निर्णय हा कलेचा अंतिम निवाडा नव्हे, हेच यावरून सिद्ध होते.

परंतु ओम पुरींना जे सोसले, ते सर्वांनाच सोसत नाही. श्रीगोंदे तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून भटक्या धनगर कुटुंबाची कथा सांगणारा 'ख्वाडा' काढला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली, आणि त्याच वर्षी तो चित्रपटगृहांत आला. नामवंत नटास डावलले तर त्याचे चाहते भांडतात. अनोळखी दिग्दर्शकासाठी कोण भांडणार?

म्हणून परीक्षकांनी आपली कारणे प्रसिद्ध करावीत, आणि रसिकांनी वादापूर्वी चित्रपट पाहावेत. एवढे झाले, तर आजच्या कलहास उद्या रसिकतेचे रूप येईल.