मंगळावरचे जीवन: घाईचा होकार, घाईचा नकार

१/ मंगळावर कधीकाळी जीवसृष्टी होती का, या प्रश्नाचा इतिहास बहुधा दुर्बिणींचा आणि यानांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो मानवी उतावळेपणाचाही इतिहास आहे. आज त्याची उजळणी करण्यास एक निकडीचे कारण आहे. ते शेवटी येईल.

२/ १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्लींनी मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना ‘कॅनाली’, म्हणजे नैसर्गिक चर, असे नाव दिले. इंग्रजीत त्यांचे ‘कालवे’ झाले. कालवे म्हटले की खोदणारे आलेच! अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये वेधशाळा उभारली आणि पुढे पाण्यासाठी झगडणारी एक संपूर्ण संस्कृती कल्पिली. हा झाला घाईचा होकार.

३/ जुलै १९६५. मरिनर ४ यान मंगळाजवळून गेले आणि त्याने जेमतेम बावीस छायाचित्रे पाठवली. त्यांत चंद्रासारखी विवरे दिसली आणि मंगळ मृत ठरला. सहाच वर्षांनी मरिनर ९ ने मंगळाभोवती फिरून कोरड्या नदीपात्रांची छायाचित्रे धाडली. आधीच्या यानाने ग्रहाचा अगदी लहानसा भाग पाहिला होता. निकाल मात्र साऱ्या ग्रहाचा लागला होता.

४/ १९७६ मध्ये दोन व्हायकिंग याने उतरली. एका प्रयोगात मातीवर पोषक द्रावण टाकताच वायू बाहेर पडला; तीच माती आधी तापवली तर तो प्रतिसाद मावळला. जीव असता तर असेच घडले असते. पण दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय द्रव्य आढळले नाही. जी थोडी क्लोरीनयुक्त संयुगे मिळाली, ती पृथ्वीवरून आलेली अशुद्धी मानली गेली. प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेविन अखेरपर्यंत ‘आम्हांला जीव सापडला’ असे म्हणत राहिले. बहुतेकांनी ते मानले नाही.

५/ २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले. हा क्षार तापला की सेंद्रिय द्रव्य जाळतो आणि नेमकी तशीच क्लोरीनयुक्त संयुगे मागे ठेवतो. म्हणजे व्हायकिंगने शोधण्यासाठी जे तापवले, ते शोधतानाच नष्ट झाले असणे शक्य होते. यावरून जीव होता हे सिद्ध होत नाही. ‘नाही’ हे उत्तर किती कच्चे होते, एवढे मात्र कळते.

६/ दरम्यान १९९६ मध्ये अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या एका अशनीत जीवाश्मसदृश आकार दिसल्याची घोषणा झाली. अमेरिकेचे अध्यक्षही त्यावर बोलले. आज बहुतेक शास्त्रज्ञ त्या खुणांचे निर्जीव स्पष्टीकरण पुरेसे मानतात.

७/ रोव्हरांनी या लंबकाला आवर घातला, हे त्यांचे खरे श्रेय. त्यांनी प्रश्नच लहान केला. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी यांनी विचारले: पाणी होते का? क्युरिऑसिटीने विचारले: गेल विवरातले प्राचीन सरोवर जगण्यायोग्य होते का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ आले. २०१८ मध्ये तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या पंकाश्मात सेंद्रिय रेणू मिळाल्याचे जाहीर झाले, तेही ‘हा जीवनाचा पुरावा नव्हे’ अशा स्पष्ट खुलाशासह.

८/ जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्सला जेझेरो विवरात पाणी आणणाऱ्या प्राचीन नदीच्या दरीत एक खडक भेटला. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके होते, आणि त्यांत लोहाची अशी खनिजे, जी पृथ्वीवर पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या कार्यातून घडतात. जीवाविनाही ती घडू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात म्हणूनच ‘संभाव्य जैवचिन्ह’ एवढेच म्हटले गेले. दीडशे वर्षांत आलेले हे शहाणपण आहे.

९/ आता निकडीचे कारण. त्या खडकाचा नमुना एका लहानशा नळीत मोहोरबंद होऊन रोव्हरच्या पोटात पडून आहे. तो आणण्याची मोहीम अकरा अब्ज डॉलर आणि २०४० सालापर्यंत लांबल्याचे नासाने २०२४ मध्ये मान्य केले. २०२५ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ती रद्द करण्याचीच सूचना आली.

१०/ आक्षेप रास्त आहे: अशनी हाती असूनही वाद मिटला नाही, मग नळी आणून काय साधणार? पण तो अशनी मंगळावर कोठून उडाला हे ठाऊक नाही, शिवाय तो हजारो वर्षे पृथ्वीच्या बर्फात पडून होता. या नमुन्याचा थर, जागा, शेजारचे खडक, सारे नोंदलेले आहे. समस्थानिकांचे सूक्ष्म मापन आणि खडकाचे अतिपातळ छेद यांसाठी लागणारी प्रयोगशाळा रोव्हरच्या हातावर मावत नाही.

११/ खर्च कमी करा, मार्ग बदला, चीनसारख्या अन्य देशांना आधी पोहोचू द्या. यांपैकी काहीही मला मान्य आहे. पण नमुना तेथेच सोडून देणे म्हणजे काटकसर नव्हे. तोही एक घाईचा नकारच, फक्त या वेळी शास्त्रज्ञांऐवजी हिशेबनिसांनी दिलेला. साक्षीदार शोधून, त्याला न्यायालयाच्या दारापर्यंत आणून, साक्ष न घेताच खटला निकाली काढू नये.

(समाप्त)